परक्या शहरातील शिक्षक : शेख अली मुत्तकी बुऱ्हानपुरी (रह.)



लासलगावच्या रेल्वे स्थानकावर आपण कधी संध्याकाळी उभे राहिला असाल, तर पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या आपण पाहिल्या असतील. मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी गावे मागे टाकीत त्यांतील अनेक गाड्या तापीकाठच्या बुऱ्हानपूरकडे जातात. आपल्या बाजार समितीतील कांदा गोण्यांत भरून बंदराकडे जातो आणि तेथून समुद्र ओलांडून आखाती देशांत पोहोचतो. त्याच समुद्रापलीकडे आता आपल्या घरांतील मुलेमुलीही जातात. कोणी दुकानात, कोणी इस्पितळात, तर कोणी शाळेत शिक्षक म्हणून. कदाचित आपणच त्यांपैकी एक असाल आणि हा अंक घरच्यांनी पाठविला म्हणून परक्या शहरातील एका खोलीत बसून वाचत असाल.

शिक्षकाचे एकाकीपण इतरांपेक्षा निराळे असते. दिवसभर तो माणसांच्या घोळक्यात असतो. तीस-चाळीस मुले त्याच्याकडे पाहत असतात, त्याला बोलावेच लागते, हसावेही लागते. शाळा सुटली की मात्र खोलीचे दार उघडून आत गेल्यावर ज्याच्याशी मातृभाषेत दोन शब्द बोलावेत असा कोणी नसतो. पहिले काही महिने तर मनुष्य जेवणही उभ्या उभ्या उरकतो. मग मनात शंका येते : मी येथे येऊन चूक तर केली नाही? माझा ईमान कमकुवत आहे म्हणून तर मला असे वाटत नाही?

या शंकेचे उत्तर देण्यासाठी आज आपल्यासमोर एका अशा बुजुर्गांचे जीवन मांडीत आहे, ज्यांची जन्मभूमी आपल्या लासलगावपासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे आणि ज्यांची कबर मक्का शहरातील जन्नतुल मुअल्ला या कब्रस्तानात आहे. हदीसशास्त्राचा अभ्यास करणारा जगातील कोणताही विद्यार्थी त्यांचे नाव जाणतो. ते म्हणजे शेख अली बिन हुसामुद्दीन मुत्तकी (रह.), कन्झुल उम्माल या महान हदीसग्रंथाचे संकलक. आयुष्याची अखेरची तीन-चार दशके त्यांनी परदेशात शिक्षक म्हणून घालविली.

बुऱ्हानपूर : परक्याच्या नावाचे शहर

शेख अली मुत्तकी यांचा जन्म हिजरी ८८५ म्हणजे इ.स. १४८० मध्ये बुऱ्हानपूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे जौनपूरचे. त्या काळी खानदेशावर फारुकी सुलतानांचे राज्य होते आणि बुऱ्हानपूर ही त्यांची भरभराटीची नगरी होती. तिला हे नाव मिळाले ते शेख बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) यांच्यावरून. त्यांची मजार आपल्याच महाराष्ट्रात, खुलताबाद येथे आहे.

येथे क्षणभर थांबून एका शब्दाकडे पाहा. मराठीत आपण गरीब म्हणतो ते निर्धन माणसाला. अरबीत मात्र या शब्दाचा मूळ अर्थ आहे घरापासून दूर असलेला, परका, मुशाफिर. आपल्या भाषेत येता येता त्या शब्दाचा अर्थ बदलला. पण या बदलातही एक खूण राहिली आहे. ज्याचे जवळ कोणी नाही तोच खरा निर्धन, असे जणू भाषेनेच मान्य केले. अशा रीतीने शेख अली यांचा जन्म एका परक्याच्या नावाने वसलेल्या शहरात झाला आणि पुढे त्यांनी स्वतःही परकेपणाचेच जीवन स्वीकारले.

ते सात-आठ वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना बुऱ्हानपूरचे चिश्ती बुजुर्ग शाह बाजन (रह.) यांच्या चरणी नेऊन मुरीद केले. त्यानंतर थोड्याच काळात वडिलांचे छत्र हरपले. ज्या वयात मुलाला बोट धरायला कोणी हवे असते, त्या वयात त्यांना एकटे चालावे लागले. एकाकीपणाची पहिली ओळख त्यांना घरातच झाली, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. परदेशी गेल्यावरच मनुष्य एकटा होतो असे नाही.

मांडूचा दरबार आणि मुलतानची वाट

तारुण्यात ते उपजीविकेसाठी माळव्यातील मांडू येथे गेले. तेथे राज्यकर्त्याच्या सेवेत त्यांना धन मिळाले, मान मिळाला. दुसरा कोणी असता तर त्यावर संतुष्ट राहिला असता. परंतु काही काळाने त्यांचे मन त्या वैभवातून उठले. ते सर्व सोडून ते बुऱ्हानपूरला परतले. शाह बाजन आता हयात नव्हते. त्यांचे पुत्र शेख अब्दुल हकीम यांच्याकडून त्यांना चिश्ती सिलसिल्याचा खिरका मिळाला.

तरीही त्यांची तहान भागली नाही. त्यांना अशा गुरूचा शोध होता, ज्याच्या ज्ञानाइतकेच ज्याचे आचरण काटेकोर असेल. या शोधात ते मुलतानला शेख हुसामुद्दीन मुत्तकी (रह.) यांच्यापाशी गेले. दोन वर्षे तेथे राहून त्यांनी तफसीरे बैझावी व ऐनुल इल्म या ग्रंथांचा अभ्यास केला. हलाल आणि हराम यांच्या सीमेवरील संशयास्पद गोष्टीही टाळाव्यात, कोणाच्या हक्काचा कणही आपल्याकडे येऊ देऊ नये, हा धडा त्यांनी तेथे घेतला. मुत्तकी म्हणजे अल्लाहचे भय बाळगून जपून पाऊल टाकणारा. गुरूची ही उपाधी पुढे शिष्याच्याही नावाला कायमची जोडली गेली.

आपला शिधा आपल्या खांद्यावर

मुलतानहून ते गुजरातेत आले. या प्रवासातील त्यांची एक रीत चरित्रकारांनी आवर्जून नोंदविली आहे. ते आपला शिधा व स्वयंपाकाचे साहित्य स्वतःच्या खांद्यावर वाहून नेत. एखाद्या गावी पोहोचल्यावर मशिदीत मुक्काम करून लोकांवर भार टाकण्याऐवजी भाड्याने जागा घेत आणि स्वतःच्या हाताने अन्न शिजवीत. कोणी सेवेसाठी पुढे आले तरी ते नम्रपणे नकार देत.

प्रिय वाचकहो, परक्या गावी स्वतःची चूल पेटविणे ही लहान गोष्ट नाही. ज्याने हे केले आहे तोच जाणतो की पहिल्या दिवशी भात करपतो, दुसऱ्या दिवशी मीठ विसरते. आणि तरीही ज्या दिवशी आपल्या हातचे जेवण नीट जमते, त्या दिवशी ती खोली थोडीशी घर वाटू लागते. शेख साहेबांचा हेतू अर्थातच तकवा हा होता. कोणाचे उपकार आपल्या डोक्यावर नसावेत हा होता. पण त्यातून आपल्यालाही बोध घेता येतो. परदेशात ज्याची दिनचर्या मोडली, त्याचे मनही लवकर मोडते. नमाजची वेळ, जेवणाची वेळ, झोपेची वेळ यांना जो धरून ठेवतो, त्याला त्या वेळाच धरून ठेवतात.

गुजरातेत तेव्हा सुलतान बहादूरशाह याचे राज्य होते. सुलतानास शेख साहेबांना भेटण्याची फार इच्छा होती. परंतु ते दरबारी मंडळींपासून दूर राहत. अखेर काझी अब्दुल्लाह सिंधी यांनी मध्यस्थी केली आणि ही भेट घडून आली. चरित्रकार सांगतात की दुसऱ्या दिवशी सुलतानाने एक कोटी गुजराती टंके भेट म्हणून पाठविले. शेख साहेबांनी ती संपूर्ण रक्कम काझी साहेबांकडे वळती केली. भेट त्यांच्यामुळे घडली, तेव्हा तिचे फळही त्यांचेच, असा त्यांचा विचार होता. स्वतःसाठी त्यांनी काहीही ठेवले नाही.

पंचावन्नाव्या वर्षी नवे शहर

इ.स. १५३५ मध्ये बादशाह हुमायूनने गुजरातवर स्वारी केली. बहादूरशाहाचा पराभव झाला आणि देशात गोंधळ माजला. याच धामधुमीच्या काळात, हिजरी ९४१ च्या सुमारास, शेख अली यांनी मक्केचा मार्ग धरला. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न वर्षांच्या घरात होते.

या वयात माणसे आपल्या गावी ओट्यावर बसून नातवंडांशी खेळतात. शेख साहेबांनी मात्र सर्व जुने पाश मागे सोडले. त्या काळचा समुद्रप्रवास म्हणजे शिडाच्या जहाजाचा. मोसमी वारा ज्या दिशेला वाहील त्या दिशेलाच जाता येई. वारा चुकला तर पुढल्या हंगामाची वाट पाहावी लागे. पोर्तुगीजांच्या जहाजांची भीती वेगळीच. घरी पत्र पाठविले तर ते हंगामी जहाजाने जाई आणि त्याचे उत्तर पुढील हंगामात येई. म्हणजे आईवडील वा आप्त कसे आहेत, हे विचारून ते कळायला वर्ष उलटत असे. आज आपण रात्री फोनवर घरच्यांचे चेहरे पाहतो आणि तरीही मन भरत नाही. यावरून त्या काळच्या विरहाची कल्पना करावी.

मक्का हे प्रत्येक मुसलमानाच्या हृदयातील शहर आहे. तेथे कोणी परका कसा असेल, असे आपणास वाटेल. परंतु हज करणे वेगळे आणि तेथे राहून संसार व काम मांडणे वेगळे. हजची गर्दी ओसरली की यात्रेकरू आपापल्या देशी परततात आणि जो मागे राहतो त्याला रोजचे जगणे सुरू करावे लागते. तेथील बोलीची लकब, तेथील खाणे, उन्हाळ्याची काहिली, विद्वानांच्या मैफिलीत आधीपासून ठरलेल्या जागा, हे सर्व नव्याने आलेल्यालाच समजून घ्यावे लागते.

येथे आपल्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील एक प्रसंग आठवला पाहिजे. मक्केहून हिजरत करून मदीनेत आलेल्या सहाबींना तेथील हवा मानवली नाही. हजरत अबू बकर (र.) आणि हजरत बिलाल (र.) तापाने आजारी पडले. तापातून थोडे सावध झाले की हजरत बिलाल (र.) मक्केचे खोरे, तेथील सुगंधी गवत, तेथील पाणी आणि डोंगर यांच्या आठवणीने व्याकूळ होत. ज्या मक्केत त्यांना तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवले गेले होते, त्याच मक्केची ही आठवण होती! हजरत आयेशा (र.) यांनी हा वृत्तांत प्रेषितांना (स.) सांगितला. प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही, ईमानाच्या कमतरतेचा ठपका ठेवला नाही. त्यांनी अल्लाहकडे प्रार्थना केली की मदीना आम्हाला मक्केसारखीच, किंबहुना त्याहूनही अधिक प्रिय कर.

तेव्हा ज्याला परदेशात घराची आठवण येते, त्याने स्वतःला अपराधी मानू नये. आठवण येणे हा दोष नाही. त्या आठवणीचे आपण काय करतो, हाच खरा प्रश्न आहे.

शिक्षक पुन्हा विद्यार्थी होतो

शेख साहेबांनी काय केले? हिंदुस्थानात त्यांना शिष्य होते, सुलतान त्यांच्या दारी येत होता. मक्केत येताच या प्रतिष्ठेचा आधार घेऊन ते गादी मांडून बसू शकले असते. त्याऐवजी ते पुन्हा विद्यार्थी झाले. इजिप्तचे थोर विद्वान शेख अबुल हसन बकरी (रह.) यांच्याकडून त्यांनी हदीसचे ज्ञान घेतले. इब्न हजर हैतमी (रह.) हे शाफई पंथाचे महान विद्वान वयाने त्यांच्याहून बरेच लहान होते, तरीही त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसण्यात शेख साहेबांना कमीपणा वाटला नाही. पुढे असे झाले की हेच इब्न हजर तसव्वुफच्या मार्गात शेख साहेबांना आपले मार्गदर्शक मानू लागले. गुरू आणि शिष्य यांनी एकमेकांकडून शिकावे, याहून सुंदर मैत्री कोणती?

परक्या शहरात दार उघडण्याचा हा सर्वांत सुलभ मार्ग आहे. मला येते ते मी दाखवीन, अशा वृत्तीने जाणाऱ्यापासून लोक चार हात दूर राहतात. मला हे येत नाही, कृपया शिकवा, असे म्हणणाऱ्याला मात्र कोणीतरी जवळ बसवून घेतोच. नव्या शाळेतील ज्येष्ठ शिक्षकाला तेथील वर्गाची रीत विचारा, शेजाऱ्याला तेथील भाषेतील चार शब्द विचारा. विचारणारा मनुष्य फार काळ एकटा राहत नाही.

एकांत आणि एकाकीपण

हिजरी ९४७ मध्ये, म्हणजे शेख साहेबांना मक्केत स्थायिक होऊन काही वर्षे झाली असताना, इजिप्तचे प्रख्यात सूफी विद्वान इमाम अब्दुल वहाब शारानी (रह.) तेथे आले. त्यांनी शेख साहेबांच्या घराचे जे चित्र आपल्या ग्रंथात रेखाटले आहे, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे.

शारानींना दिसला तो एक अतिशय कृश मनुष्य. उपवासामुळे अंगावर मांस उरले नाही असा. फार कमी बोलणारा. जुम्याच्या नमाजसाठी तो हरममध्ये येई, सफेच्या कडेला उभा राहून नमाज अदा करी आणि लगेच परत जाई. एवढेच वाचले तर वाटेल की हा जगाला विटलेला, एकाकी वृद्ध असावा. पण पुढचे वर्णन पाहा. ते शारानींना आपल्या घरात घेऊन गेले. अंगणाच्या चारी बाजूंनी लहान लहान झोपड्या होत्या आणि प्रत्येकीत एक साधक होता. कोणी कुरआन पठण करीत होता, कोणी जिक्रमध्ये मग्न होता, कोणी ध्यानात होता, तर कोणी ग्रंथ वाचीत होता. साऱ्या मक्केत आपल्याला याहून अधिक काही आवडले नाही, अशा अर्थाची नोंद शारानींनी केली आहे.

म्हणजे ज्याला बाहेरचे लोक एकांतप्रिय समजत होते, त्याचे अंगण माणसांनी भरलेले होते. येथेच एकांत आणि एकाकीपण यांतील फरक स्पष्ट होतो. एकांत हा माणूस स्वतः निवडतो. त्यात तो अल्लाहच्या अधिक जवळ जातो आणि बाहेर येतो तेव्हा इतरांसाठी अधिक उपयोगी ठरतो. एकाकीपण मात्र माणसावर कोसळते आणि त्याला आतून पोखरते. प्रेषित (स.) हिरा गुहेत एकांतात बसत, परंतु वहीच्या पहिल्या अनुभवाने थरथरत ते घरी आले, तेव्हा हजरत खदीजा (र.) यांनी त्यांना चादर पांघरली आणि धीर दिला. गुहेतून परतताना घरी एक आधार देणारे माणूस असणे, ही इस्लामची रीत आहे.

म्हणून, हे वाचणाऱ्या दूरदेशीच्या बंधू वा भगिनी, खोलीचे दार बंद करून मोबाइलच्या पडद्याकडे पाहत रात्र काढण्याला एकांत समजू नका. जमाअतीची नमाज जवळ असेल तर तेथे जा. आपल्यासारखाच एखादा एकटा सहकारी हेरून त्याला आठवड्यातून एकदा जेवायला बोलवा. आणि मन फारच खचले, झोप व भूक हरपली, तर घरच्यांना सांगण्यात आणि वैद्यकीय सल्ला घेण्यात संकोच बाळगू नका. आजारावर इलाज करणे हीदेखील सुन्नतच आहे.

स्वतः केलेली शाई

शेख साहेबांच्या शिक्षकी जीवनातील एक बारीकसा तपशील मनाला फार भिडतो. ते विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या हाताने शाई तयार करीत. गरजू विद्यार्थ्याला शाई देत, लिखाणात मदत करीत, पुस्तके मिळवून देत. एखादा उपयुक्त ग्रंथ अरबस्थानात हाती लागला, तर त्याच्या अनेक प्रती लिहवून घेत आणि ज्या देशांत तो ग्रंथ मिळत नसे तेथे पाठवीत.

छापखाना तेथे नव्हता. प्रत्येक प्रत म्हणजे कोणाच्या तरी बोटांचे महिनोन्महिन्यांचे कष्ट. अशा प्रती हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजांवर चढत असताना शेख साहेबांच्या मनात काय येत असेल, हे चरित्रकारांनी लिहिलेले नाही. पण ज्याने आपल्या मुलुखापासून दूर बसून तेथे ग्रंथ पाठविला, त्याने आपला मुलूख सोडला असे कसे म्हणावे? घरी केवळ पैसेच पाठवावे लागतात असे नाही. परदेशातील शिक्षक आपल्या गावच्या मुलांसाठी एखादे पुस्तक, एखादी चांगली अध्यापन पद्धती, शिष्यवृत्तीची माहितीही पाठवू शकतो.

कन्झुल उम्माल

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या कार्याकडे वळू. इमाम जलालुद्दीन सुयूती (रह.) यांनी हजारो हदीस एकत्र करून जमउल जवामे व जामे सगीर हे संग्रह तयार केले होते. त्यांची रचना मुख्यतः अक्षरक्रमानुसार होती. ज्याला हदीसचे पहिले शब्द पाठ आहेत, त्यालाच ती सहज सापडे. परंतु नमाज, व्यापार, विवाह, शेजाऱ्याचे हक्क अशा एखाद्या विषयावरील हदीस पाहिजे असतील, तर सारा ग्रंथ धुंडाळावा लागे.

शेख अली मुत्तकी यांनी हे सर्व भांडार विषयवार लावण्याचा संकल्प केला. आज आपण यंत्रावर एक शब्द टाकून क्षणात शोधतो. त्यांना एकेक हदीस वाचून, तिचा विषय ठरवून, तिच्या योग्य प्रकरणात लिहावी लागली. या परिश्रमांतून कन्झुल उम्माल उभा राहिला. त्याच्या आजच्या प्रचलित आवृत्तीत हदीसांची संख्या ४६,००० हून अधिक आहे. सुयूतींचे जगावर उपकार आहेत आणि मुत्तकींचे सुयूतींवर, असा गौरव त्यांचे गुरू अबुल हसन बकरी यांनी केल्याचे सांगितले जाते. शेकडो वर्षांनंतर हा ग्रंथ प्रथम छापला गेला तोही हिंदुस्थानातच, हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेकडून. खानदेशच्या पुत्राचा मक्केतील ग्रंथ दख्खनमध्ये छापून पुन्हा साऱ्या अरब जगात गेला, ही अल्लाहची योजना.

हे कार्य एका शिक्षकाचेच आहे, हे लक्षात घ्या. विद्यार्थ्याला जे सापडत नाही, ते त्याच्या हाती सहज यावे एवढाच त्यामागील हेतू. ज्याच्यापुढे असे एक दीर्घ काम असते, त्याच्या संध्याकाळी रिकाम्या राहत नाहीत.

परतीने सर्व सुटत नाही

शेख साहेब हिंदुस्थानात पुन्हा आलेच नाहीत असे नाही. सुलतान महमूदशाह तिसरा याच्या कारकिर्दीत ते दोनदा गुजरातेत आले. सुलतान त्यांचा निस्सीम भक्त होता. राज्याचा कारभार शरीयतला धरून चालतो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पण चरित्रकार लिहितात की दरबारातील हितसंबंधी लोकांनी त्यांच्या एका विश्वासू शिष्यालाच लाच देऊन फितविले. हे कळल्यावर शेख साहेबांचे मन विदीर्ण झाले आणि ते मक्केला परत गेले.

या प्रसंगाचा बोध कटू आहे, पण आवश्यक आहे. परदेशात एकटे वाटणाऱ्याला सदैव वाटते की घरी परतलो की सारे काही पूर्ववत होईल. कधी तसे होतेही. पण कधी आपण परततो तेव्हा गाव बदललेले असते, आपणही बदललेले असतो आणि आपल्याच माणसांत परके वाटते. म्हणून जाण्याचा किंवा परतण्याचा निर्णय आठवणींच्या भरात घेऊ नये. आपले कर्तव्य कोठे आहे, आईवडिलांची गरज काय आहे आणि आपला दीन कोठे सुरक्षित राहील, हे पाहून, इस्तिखारा व सल्लामसलत करून तो घ्यावा.

बुऱ्हानपूरहून आलेला तरुण

हिजरी ९६३ मध्ये वीस वर्षांचा एक तरुण मक्केत आला. त्याचे नाव अब्दुल वहाब. त्याचे कुटुंब मांडूहून बुऱ्हानपूरला येऊन राहिले होते आणि आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले होते. गुजरात, दख्खन अशी भटकंती करीत तो येथवर पोहोचला होता. त्याचे बालपण आणि शेख साहेबांचे बालपण यांत किती साम्य होते पाहा : तेच शहर, तेच अनाथपण, तीच वणवण.

शेख साहेबांनी त्याला आपल्याजवळ बोलावून घेतले. त्याचे नस्तालीक अक्षर सुरेख होते. शेख साहेबांनी त्याला अरबी ग्रंथांसाठी लागणारी नस्ख लिपी आत्मसात करण्यास सांगितले आणि लेखनाचे काम सोपविले. तो इतका तरबेज झाला की बारा हजार ओळींचा एक ग्रंथ त्याने बारा रात्रींत लिहून काढल्याचे सांगतात. उपदेश देऊन त्यांनी त्याचे एकाकीपण दूर केले नाही. त्याला काम दिले, विश्वास दिला आणि आपल्या शेजारी जागा दिली. बारा वर्षे तो त्यांच्यासोबत राहिला.

हिजरी ९७५, म्हणजे इ.स. १५६७ मध्ये, हिजरी गणनेने नव्वद वर्षांचे होऊन शेख अली मुत्तकी (रह.) अल्लाहच्या भेटीस गेले. अखेरच्या आजारातही हदीसग्रंथाच्या प्रतींची पडताळणी थांबवू नये, असा त्यांचा आग्रह होता आणि शरीर निश्चल झाल्यावरही जिक्रमध्ये त्यांचे बोट हलत होते, असे चरित्रकार नोंदवितात.

त्यांच्यानंतर त्यांची जागा शेख अब्दुल वहाब मुत्तकी (रह.) यांनी घेतली. हिजरी ९९६ मध्ये दिल्लीहून शेख अब्दुल हक (रह.) मक्केला आले, तेव्हा त्यांनी याच गुरूंपाशी हदीसचा अभ्यास केला. त्यांना तेथेच कायमचे राहायचे होते. पण गुरूंनी त्यांना हिंदुस्थानात परत जाण्याची आज्ञा केली. ते परतले आणि दिल्लीत त्यांनी दीर्घकाळ हदीसचे अध्यापन केले. शेख अली मुत्तकी यांच्या जीवनाविषयी आपण आज जे जाणतो, त्यातील मोठा भाग याच अब्दुल हक मुहद्दिस दहेलवी यांच्या लेखणीमुळे टिकला. एकाने परदेशात राहून सेवा केली, एकाने परत येऊन. दोघांचाही मार्ग योग्यच होता.

आपल्या दारचा परका

प्रिय वाचकहो, आतापर्यंत दूरदेशी गेलेल्यांविषयी बोललो. आता आपण जे गावीच आहोत, त्यांच्यासाठी दोन शब्द.

आपल्या गावोगावच्या मशिदींत आणि मकतबांत मुलांना कुरआन शिकविणारे मौलाना पुष्कळदा बिहार वा उत्तर प्रदेशातून आलेले असतात. मशिदीला लागून असलेल्या एका छोट्या खोलीत ते राहतात. त्यांचे बायकामुलांचे घर हजार-दीड हजार किलोमीटर दूर. जेवणाचा डबा घराघरांतून पाळीने येतो. त्यांना मराठी येत नाही, बाजारात त्यांची फजिती होते. पाच वेळा आपण त्यांच्या मागे उभे राहतो, सलाम फिरवतो आणि निघून जातो. इशाच्या नमाजनंतर मशिदीचे दिवे मालवले की ते कोणाशी बोलतात, हा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला आहे?

आपला मुलगा जेद्दा किंवा दोहा येथील खोलीत एकटा जेवतो म्हणून आपल्या घशाखाली घास उतरत नाही. त्या मौलानांची आईही कोठेतरी अशीच बसलेली असेल. मदीनेच्या अन्सारांनी मुहाजिरांना केवळ शिधा दिला नाही, त्यांना भाऊ करून घेतले. आपण डबा पाठवतो, हे चांगलेच आहे. पण कधीतरी त्यांना घरी बोलावून दस्तरखानावर आपल्या शेजारी बसवू या. त्यांच्या मुलांची नावे विचारू या. त्यांना चार मराठी शब्द शिकवू या. ईदच्या दिवशी त्यांना घरी जाता आले नाही, तर आपल्या घरची ईद त्यांची करू या. आणि त्यांचे वेतन वेळेवर व सन्मानाने देऊ या, कारण मागावे लागणे हे परक्या माणसासाठी दुहेरी दुःख असते.

शेख अली मुत्तकी (रह.) यांनी परक्या शहरात अंगण बांधले आणि त्यात इतर परक्यांना जागा दिली. पुढच्या वेळी लासलगाव स्थानकावरून बुऱ्हानपूरकडे जाणारी गाडी दिसली, तर त्यांचे स्मरण करा, त्यांच्यासाठी दुआ करा. आणि परत येताना मशिदीशेजारच्या त्या खोलीचे दार एकदा ठोठावा.

हे अल्लाह, आमच्या दूरदेशी असलेल्या लेकरांना तुझ्या संरक्षणात ठेव, त्यांच्यासाठी परकी शहरे प्रिय कर, त्यांना नेक सोबत दे. आणि आमच्या गावी आलेल्या परक्यांसाठी आमची मने व दारे उघडी कर. आमीन.